नवी वाकळ पहिल्याच धुण्यात आकसते, फुगते, रंग सोडते: कापड आधी भिजवून घ्यायचं का?

दसऱ्याची धुणी निघाली की आमच्याकडे ही तक्रार हमखास येते. उन्हाळ्यात हौसेनं शिवून घेतलेली वाकळ, म्हणजे गोधडी, पहिल्यांदाच पाण्यात गेली, आणि वाळल्यावर घडी घालायला घेतली तर कोपऱ्याला कोपरा जुळेना. एक बाजू सपाट, दुसरी फुगलेली. कडा आत ओढलेल्या. कुणाच्या पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी ढग उतरलेले. मग शिवणाऱ्या बाईला बोल, नाहीतर वॉशिंग मशीनला, नाहीतर साबणाला.

बहुतेक वेळा यातल्या कुणाचाच दोष नसतो. टाका घालायच्या आधी कापड कोरं होतं की धुतलेलं, घोळ तिथेच झालेला असतो.

यावर दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही ठामपणे सांगितली जातात. वयस्कर बायका म्हणतात, "ब्लाऊजचं अस्तर भिजवल्याबिगर शिवत नाहीस, साडीचा फॉलसुद्धा पाण्यातनं काढून लावतीस, मग वाकळेचंच कापड कोरं कसं गं शिवतीस?" व्हिडिओ बघून शिकलेल्या मुली म्हणतात की कोऱ्या कापडाला कडकपणा असतो, ते सरळ कापलं जातं, चौकोन नेमके बसतात, धुवायची काही गरज नाही. गंमत म्हणजे दोघींचंही बरोबर आहे, आपापल्या वाकळेपुरतं. आजीच्या वाकळेत जुनी लुगडी, धोतरं, फाटलेल्या चादरी असायच्या. वर्षानुवर्षं धुऊन त्यांच्यात आटायला काही उरलेलंच नसायचं. व्हिडिओतल्या गोधडीत वरचं कापड, अस्तर आणि आतला कापसाचा थर सगळंच नवं असतं, त्यामुळे आटलंच तर सगळं मिळून आटतं. आपली आजची वाकळ या दोन्हींच्या मधली. वर आजीची मऊसूत साडी, खाली दुकानातून कालच आणलेला मांजरपाट, मध्ये फायबरची शीट. धुतल्यावर या तिघांची तोंडं तीन दिशांना होतात.

म्हणून "भिजवायचं का" या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. नियम एवढाच पाळते की वाकळेत जाणारं सगळं कापड एका अवस्थेत हवं. सगळं धुतलेलं, किंवा सगळं कोरं. निम्मं-निम्मं शिवाल तर पहिल्या धुण्यात ते उघडं पडणारच. रंगाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो खाली स्वतंत्र घेतला आहे, कारण आटणं आणि रंग जाणं याची लोक फार सरमिसळ करतात.

बिघाड कुठे झाला ते वाकळच सांगते

धुतलेली वाकळ सपाट फरशीवर पसरा आणि आधी नुसती बघा. उसवायची घाई नको.

सगळ्या वाकळेवर, दोन्ही बाजूंनी, सारख्या बारीक चुण्या पडल्या असतील तर बिघाड काहीच नाही. सगळं कापड कोरं होतं आणि सगळं सारखंच आटलं. हे रूप काहींना मुद्दाम हवं असतं, वाकळ जुनी आणि मायेची वाटते म्हणून. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या वेळी सगळं धुऊन शिवावं.

वरची बाजू धावदोऱ्यांच्या मध्ये फुगली आहे, खालची ताठ सपाट आहे आणि कोपरे खालच्या बाजूला वळताहेत, असं दिसलं तर अस्तर आटलं. कोल्हापुरात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच, कारण वरचं कापड जुनं घ्यायचं आणि अस्तराला नवा मांजरपाट किंवा पॉपलीन आणायचं ही आपली रीत. याच्या उलटही होतं. वर नवे चौकोन आणि खाली जुनी चादर असेल तर कोपरे वर उचलतात.

काही ठरावीक चौकोनच गोळा झाले आणि बाकीचे ठीक असतील तर तेवढ्या कापडाची जात वेगळी. खादी, सैल विणीचं हातमाग, रेयॉन, नाहीतर नव्या खणाचा तुकडा असण्याची शक्यता जास्त. रेयॉन तर वाकळेत घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुर्तीला झुळझुळीत दिसतं ते ठीक, पण सुतीपेक्षा जास्त आटतं आणि ओलं असताना त्याचा जोरही कमी होतो.

आतलं सगळं छान, फक्त कडेला झालर पडल्यासारखी ओढ असेल तर चारी बाजूंनी लावलेली पट्टी कोरी होती. ही चूक फार होते, कारण सगळं कापड धुऊन घेतात आणि पट्टीचं कापड शेवटी कमी पडलं म्हणून ऐनवेळी नवं आणतात. पट्टी तिरकी, म्हणजे उरेब कापलेली असेल तर ओढ थोडी कमी दिसते, पण जात नाही.

खड्डे फक्त टाक्यांच्या रेषेवर असतील तर कापडाकडे बघूच नका, दोरा आटला आहे. जाड सुती दोऱ्याची लडी आणून धावदोरा घालणाऱ्यांनी ती लडी आधी कोमट पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मग गुंडाळावी. रंगीत लडी असेल तर हे दुप्पट कामाचं. पांढऱ्या कापडावर लाल धावदोरा घातला आणि टाक्यांच्या दोन्ही बाजूंना गुलाबी रेघ उमटली, असं बऱ्याचदा होतं. त्या वेळी कापडाला दोष देऊन उपयोग नाही.

मुळात कापड का आटतं

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ओढून ताठ ठेवलेले असतात. ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना खळ देतात. इचलकरंजीत सायझिंगचे कारखाने असतात ते याच कामासाठी. कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या त्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, आणि आज आपल्या भागात मिळणाऱ्या साध्या सुती कापडातलं कितीतरी तिथून येतं. तर हे कापड विणताना ताणलेलं, मग ब्लीचिंगला, रंगाला, छपाईला जाताना पुन्हा लांबीत ओढलेलं, वरून शेवटची खळ आणि इस्त्री. म्हणजे ताग्यात गुंडाळलेलं कापड हे ताणून धरलेलं कापड असतं. घरी पाण्यात पडलं की सुताचे तंतू फुगतात, खळ सुटते आणि धागे आपल्या मूळ लांबीवर परत येतात. आपण त्याला आटणं म्हणतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कापड लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात कमी. म्हणून चौकोन कापताना एकाचा उभा धागा दुसऱ्याच्या आडव्याला जोडला, तर एकाच ताग्यातलं कापडही एकमेकांना ओढतं. आणि घट्ट विणीच्या कापडापेक्षा सैल विणीचं जास्त आटतं, कारण धाग्यांना हलायला जागा असते. साधारण सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, खादी आणि सैल हातमाग त्याहून जास्त. पॉलिएस्टर नेहमीच्या धुण्यात जवळजवळ आटतच नाही.

ताग्याच्या काठावर कधी कधी "सॅनफोराइज्ड" असं छापलेलं असतं. सॅनफोर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाच्या नावावरून हा शब्द आला. त्याने १९३० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. कारखान्यातच यंत्रानं कापड दाबून आधीच आटवतात, मग घरी १ टक्क्याच्या आसपासच आटायचं उरतं. शर्टाच्या चांगल्या कापडावर ही प्रक्रिया झालेली असते. किलोवर घेतलेल्या कटपिसात मात्र कुठला तुकडा कशातला हे दुकानदारालाही सांगता येत नाही. तिथे शिक्क्यावर विसंबू नका.

अंदाज नको, माप घ्या

कापडाच्या कोपऱ्यातून १२ इंचांचा चौकोन कापा. त्याच्या आत बरोबर १० इंचांवर चारी कोपऱ्यांना गडद दोऱ्याचा एकेक टाका घाला. पेनची खूण धुण्यात जाते, टाका राहतो. उभ्या धाग्याच्या दिशेला बाणासारखा आणखी एक टाका घातला की नंतर गोंधळ होत नाही. आता हा तुकडा वाकळ पुढे जशी धुतली जाणार आहे तसाच धुवा. हे महत्त्वाचं. वाकळ मशीनमध्ये कोमट पाण्यात फिरणार असेल तर तुकडा बादलीत बुचकळून काढून काही कळणार नाही. पूर्ण वाळू द्या, न ओढता इस्त्री करा आणि टाक्यापासून टाक्यापर्यंत मोजा.

९¾ इंच आलं तर अडीच टक्के. ९½ आलं तर ५ टक्के. ऐकायला अर्धा इंच काहीच नाही, पण ९० इंच लांबीच्या वाकळेत हेच साडेचार इंच होतात. वरची साडी जागची हलत नाही आणि अस्तर साडेचार इंच मागं येतं. तेवढं जास्तीचं कापड जाणार कुठे? तेच फुगून वर येतं.

असा तुकडा प्रत्येक नव्या कापडाचा घ्या. दोन थरांमध्ये १० इंचाला पाव इंचापर्यंत फरक असेल तर मी सोडून देते, दाट धावदोरा तेवढं सांभाळतो. अर्धा इंच फरक असेल तर मात्र सगळं भिजवल्याशिवाय कात्री लावत नाही. जवळ जवळ घातलेला धावदोरा फुगा लहान लहान वाटून टाकतो म्हणून नजरेला कमी दिसतं, हेही खरं. टाके चार बोटांवर असतील तर लपवायला जागा नाही.

कापडाची जात कळत नसेल तर चार दशा काढून पेटवून बघा, चिमट्यात धरून, सिंकवर. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटानं चुरडली जाणारी राख. पॉलिएस्टर असेल तर वितळून आकसतं आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. हल्ली खण म्हणून विकलं जाणारं बरंच कापड या परीक्षेत मणी देतं. त्याला आटायची भीती नाही, इस्त्रीची मात्र आहे.

भिजवायचं ठरलं तर

नुसतं पाण्यातून काढणं म्हणजे भिजवणं नव्हे. खळ सुटायला वेळ लागतो. संध्याकाळी कोमट पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, सकाळी थोड्या साबणानं धुवा, पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा. बोअरच्या जड पाण्यात साबण फेस धरत नाही आणि कापडावर पांढरट थर राहतो. शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. खादी आणि जाडाभरडा मांजरपाट एका धुण्यात पुरता आटत नाही, त्याला दोनदा धुवावं लागतं.

मशीनमध्ये टाकणार असाल तर आधी कापलेल्या कडांना पिको किंवा झिगझॅग मारून घ्या. नाहीतर बाहेर काढताना दशांचा असा काही गुंता निघतो की अर्धा वार कापड कात्रीतच जातं. पिको मारायचा कंटाळा असेल तर चारी कोपरे तिरके छाटून टाका, दशा बऱ्याच कमी सुटतात. वीतभराचे तुकडे उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून धुवा. आधीच कापलेले छोटे चौकोन मात्र धुवू नयेत, ते वेडेवाकडे होतात आणि पुन्हा कापायला माया, म्हणजे कडेचं जास्तीचं कापड, उरत नाही.

पिळू नका. दोरीवर सावलीत टाका, दोघींनी दोन टोकं धरून कापड सरळ झटका, किंचित दमट असतानाच इस्त्री करा. धुतल्यावर कापड मऊ पडतं आणि चौकोन कापताना सरकतं, ही व्हिडिओवाल्या मुलींची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय घरातच आहे. भाताची पातळ पेज गाळून पाणी घालून शिंपडायची आणि इस्त्री करायची. कापड पुन्हा कडक होतं. शिवून झाल्यावर मात्र ही खळ धुऊन टाकायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात खळ असलेलं कापड कपाटात ठेवलं तर त्याला बुरशीचे ठिपके पडतात आणि कसर लागते. याच कारणानं मी नवं कापड आणलं की मेच्या आत धुऊन ठेवते, मग ते वाकळेला लागो किंवा न लागो. जूनपासून पुढे धुतलेलं कापड वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरतं.

बाळाच्या दुपट्याला आणि गोधडीला तर भिजवणं सोडूच नका. ती रोज धुतली जाणार, आणि कोऱ्या कापडावरची खळ, चमक आणायला लावलेली रसायनं बाळाच्या अंगाला लागायला नकोत. बाळंतविड्यात द्यायची आहे, कोरी करकरीत दिसावी असा आग्रह असतो. इस्त्री नीट केली तर धुतलेलंही कोरं दिसतं.

भिंतीवर लावायची, कधीच न धुवायची गोधडी असेल तर खुशाल कोरं कापड वापरा.

मधल्या थराचं काय? फायबरची शीट भिजवायची गरज नाही, ती आटत नाही. पण म्हणूनच तिच्या वर-खाली कोरं सुती कापड घातलं तर दोन्ही बाजूंनी फुगे येतात. कापसाची शीट घेतली असेल तर तीही कापडासारखीच ३ ते ५ टक्के आटते. तिला मशीनमध्ये धुवायला जाल तर तुकडे होतील. विकत घेताना पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि कापड त्याप्रमाणे ठरवा.

रंगाचं प्रकरण

लाल, मरून, गर्द निळा, काळा. या चार रंगांवर माझा विश्वास नाही, कापड कितीही महाग असो. इरकलीचा लाल पदर नवा असेल तर तोही याच यादीत. तपासायला गरम पाणी आणि दोन थेंब साबण एका काचेच्या ग्लासात घ्या, कापडाचा तुकडा आणि पांढऱ्या मलमलीचा तुकडा दोन्ही अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी रंगलं पण मलमल पांढरीच राहिली तर कापड अजून एक-दोनदा धुऊन वापरता येतं. मलमलही रंगली तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी नको.

इथे मीठ-तुरटीचा सल्ला मिळतोच. कारखान्यात रंगवलेल्या सुती कापडाला त्याचा फायदा नाही. मीठ रंगवायच्या वेळी रंगाला कापडाकडे ढकलतं, तुरटी नैसर्गिक रंगांना धरायला मदत करते. रंगवून झाल्यावर जो रंग धाग्याला बांधलाच गेला नाही, त्याला यातलं काहीही बांधू शकत नाही. मीठ आपण थंड पाण्यात घालतो आणि थंड पाण्यात रंग मुळातच कमी सुटतो, म्हणून मिठानं काम केलं असं वाटतं. नंतर कुणीतरी तीच वाकळ गरम पाण्यात टाकते आणि सगळं बाहेर येतं. सुटा रंग काढून टाकणं हाच मार्ग. गरम पाणी, साबण, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं.

शिवलेल्या वाकळेचा रंग पसरलाच तर एकच काळजी घ्या, ती वाळू देऊ नका. दोरीवर टाकायच्या आधी लक्षात आलं तर अर्धी लढाई जिंकली. मोठ्या टबात हाताला सोसवेल त्याहून जरा जास्त गरम पाणी घ्या, भरपूर साबण घाला आणि वाकळ पूर्ण बुडेल, मोकळी तरंगेल इतकं पाणी भरा. पाणी कमी पडलं तर सुटलेला रंग परत कापडावरच बसतो. रात्रभर ठेवा. सकाळी पाणी गुलाबी दिसलं तर घाबरू नका, रंग पाण्यात उतरलाय ही चांगली खूण आहे. ते ओतून पुन्हा तसंच करा, पाणी निवळ येईपर्यंत. ब्लीच घालू नका, ते डागाबरोबर छपाईही नेतं.

आधीच आकसलेल्या वाकळेला काय करायचं

अस्तर आटलेलं असेल तर ते परत ताणलं जात नाही. ओली करून ओढून वाळवली की सपाट दिसते, पुढच्या धुण्याला पुन्हा तेच. फरक कमी असेल तर फुगलेल्या भागांच्या मधून आणखी एकेक धावदोरा घाला, फुगे विभागले जातात. जास्त असेल तर चारी बाजूंची पट्टी उसवा, अस्तर काढा आणि धुतलेलं नवं अस्तर लावा. वरची बाजू आणि आतला थर तसाच वापरता येतो. काम चार दिवसांचं, पण नवी वाकळ शिवण्यापेक्षा कमी. फक्त पट्टी ओढली असेल तर त्याहून सोपं. ती काढा, वाकळ फरशीवर सपाट पसरून चारी बाजू पुन्हा मोजा, आणि धुतलेल्या कापडाची नवी पट्टी जुन्या पट्टीच्या नाही तर या नव्या मापानं कापा. काढलेलं अस्तर आता पुरतं आटलेलं आहे, ते धुऊन घडी करून ठेवा. दुपट्याला उत्तम चालतं.